सातशे अठ्ठावीस बाय नव्वद

रुंदी सातशे अठ्ठावीस, उंची नव्वद.
स्क्रीनवर रिकामी पट्टी दाखवली
तर इरण्णा कामकर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"हा तर नुसता काठ झाला की हो.
साडी कुठं घालायची?"

वडगावातून सायकलनं आलेत.
कॅरिअरला पिशवी, पिशवीत सहा साड्या,
सहावी विकायची नाही, फक्त फोटोला.
मी ठिपके समजावून सांगते. ते ऐकून घेतात.
"उभे नव्वदच? पोत विरळ पडणार मग."

पडतोच.
फाइल दीडशे केबीच्या आत बसवायची
म्हणून रंग कमी करत जाते मी,
दोनशे छप्पन्न, चौसष्ट, बत्तीस,
आणि रुईफुलाच्या काठातली जर
ओल्या हळदीच्या लगद्यासारखी दिसायला लागते.
इरण्णा काही बोलत नाहीत.
पिशवीतली सहावी साडी काढून
स्क्रीनशेजारी धरतात फक्त.
एकशे सत्तेचाळीस केबी. सेव्ह.

आप्पा खडेबाजारात पाट्या रंगवायचे.
त्यांच्या पाटीला वजनाची अट नव्हती,
शिडी मात्र सारखी लागायची.
वरची ओळ खाली घ्या, खालची वर न्या,
कधी खालची पुसूनच टाका,
साहेब येऊन गेले की परत काढा.
कन्नड त्यांना वाचता येत नसे.
ते कन्नड लिहायचे नाहीत, काढायचे,
वेलबुट्टी काढावी तसं,
आणि चूक एकदाही झाली नाही.
मला वाचता येतं, बोलता येतं,
शाळेत पहिली भाषा तीच होती,
तरी आज फॉन्ट फुटला
आणि 'नेकार' शब्दाच्या जागी चार चौकोन उभे राहिले,
काचा नसलेल्या खिडक्यांसारखे.
अर्धा तास गेला त्यात.

हलती जाहिरात करायची ठरलीय.
पहिली चौकट कन्नड, दुसरी मराठी,
तिसरीत फोन नंबर.
प्रत्येकी तीन सेकंद.
"आणि तिसाव्या सेकंदाच्या आत सगळं थांबवायचं," मी म्हणते,
"तसा नियम आहे त्यांचा.
जी चौकट शेवटी, ती तशीच राहणार."

इरण्णा गप्प.
घरात कन्नड, पेठेत मराठी,
मागावर दोन्ही नाहीत, तिथं खटखट.
खिडकीकडे बघत बसले,
तिसऱ्या गेटला मालगाडी आडवी आल्यावर
माणूस बसतो तसे.
मग खिशातून फोन काढला,
बायकोला विचारलं, कुठल्यावर थांबवायचं?
शांतव्वांचा आवाज मलाही ऐकू आला,
"इरली बिडा. माझ्या नंबरावर थांबव म्हणावं.
उचलणार मीच आहे नव्हं?"

झालं.
आता आकडे कुठले, ते राहिलं.
बशीवर कन्नड असतात, कॅलेंडरावर मराठी,
मी इंग्रजी टाकले.
आकड्यांसाठी मोर्चा निघाल्याचं
निदान मला तरी आठवत नाही.

जाताना इरण्णांनी साड्या मोजल्या. सहा.
पायरीवर थांबून म्हणाले,
"तुमच्या आप्पांनी लिहिलेली पाटी
अजून आहे दुकानात. आतल्या बाजूला.
कपाटाची फळी केलीय तिची."

रात्री अनगोळला, जेवणं झाल्यावर,
फोनवर मांड्यांची कृती वाचत होते.
पुरणाच्या आणि मैद्याच्या मधे ती आली,
आमची पट्टी, केवढीशी.
कन्नड. मराठी. नंबर.
कन्नड. मराठी. नंबर.
थांबली.
जर किती बिघडलीय ते बघावं
म्हणून दोन बोटांनी मोठी करायला गेले
तर बोट लागलं.

क्लिक मोजला गेला.
इरण्णांचे चार रुपये ऐंशी पैसे.

उद्या त्यांना चहा पाजायचा.
का, ते सांगायचं नाही.